लोअर केलेल्या एसयूव्हीचे पुढचे शॉकअप सारखे लीक होतायत? नवीन घ्यायच्या आधी रॉडला एक केबल टाय बांधून बघा

ज्यांनी एसयूव्ही लोअर करून घेतलीय, म्हणजे आखूड स्प्रिंग टाकून खाली आणलीय, आणि वर्षभरात दुसऱ्यांदा नाहीतर तिसऱ्यांदा पुढचे शॉकअप बदलायची वेळ आलीय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. मी स्वतः दोन वर्षांत तीन जोड्या बदलल्या. प्रत्येक वेळी "शॉकअपची क्वालिटीच राहिली नाही आता" हेच ऐकलं आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा महागडी जोडी टाकली. शेवटी कळलं की तिन्ही जोड्या चांगल्याच होत्या, बसवण्यात गडबड होती आणि गाडी किती खाली आणायची हा हिशोबच कुणी केला नव्हता, मी पण नाही.

गाडी २०१७ ची क्रेटा, १.६ डिझेल, १७ इंची चाकं, २१५/६० चे टायर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर, आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १९० मिमी. माझं पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर येणंजाणं खूप आणि लेन बदलताना गाडी जी झुलायची ते मला अजिबात आवडायचं नाही, म्हणून ४० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग चारही बाजूंना टाकल्या. शॉकअप कंपनीचेच ठेवले, कारण सगळे तेच करतात आणि मिस्त्री पण म्हणाले "चालतंय दादा, शॉकअप चांगले आहेत तुमचे". गाडी दिसायला एकदम भारी झाली, वळणावर पण छान बसायला लागली, पहिले तीन महिने मी खूशच होतो.

चौथ्या महिन्यात पुढच्या डाव्या बाजूला तेल दिसलं. गाडी ६० हजार पळालेली होती म्हणून म्हटलं जुनेच होते, गेले असतील. नवीन जोडी टाकली, कंपनीच्याच मापाची. ती सात महिन्यांत गेली, परत आधी डावा आणि मग पंधरा दिवसांत उजवा. मग जरा भारीतली, कडक, स्पोर्ट म्हणून विकतात तसली जोडी. ती पाच महिने टिकली. मधल्या काळात स्पीड ब्रेकरवर पुढून ठप्प आवाज यायचा, पण लोअर गाडी म्हणजे एवढं होणारच असं सगळे सांगायचे आणि मी ऐकून घ्यायचो. तो आवाज हाच खरा रोग होता.

आधी खात्री करा की लीकच आहे

बरेच जण शॉकअपवर ओलसर धूळ दिसली की लीक समजतात. शॉकअपचा रॉड दर वेळी आत-बाहेर होताना तोंडावरच्या रबरी सीलमधून तेलाचा अगदी बारीक पापुद्रा बाहेर आणतोच, त्यावर धूळ बसते, मिस्त्री लोक त्याला घाम म्हणतात आणि तो चालतो. फडक्याने शॉकअप कोरडा पुसा, दोन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि परत बघा. तेल ओघळून खाली स्प्रिंगच्या वाटीपर्यंत किंवा नकलपर्यंत (चाक ज्यावर बसतं तो भाग) आलं असेल तर सील गेलंय. नुसता वरच्या बोटभर भागात मळ धरलाय तर एवढ्यात बदलू नका. पावसाळ्यात हे बघायला जाऊ नका, काहीच कळत नाही, कोरड्या दिवशी बघा.

आता टाय

ही युक्ती मला एका जुन्या मिस्त्रींनी शिकवली. वय साठीच्या पुढे, ट्रकच्या कामात आयुष्य गेलेलं. मी चौथी जोडी घ्यायला निघालो होतो आणि सहज त्यांच्याकडे गाडी दाखवली. त्यांनी गाडीखाली बघितलंसुद्धा नाही, आधी विचारलं "रॉड किती शिल्लक राहिलाय?" मला प्रश्नच कळला नाही.

त्यांनी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला लावलं, चाकाच्या पोकळीतून हात घातला, स्प्रिंगच्या आत शॉकअपच्या रॉडवर जो रबरी बूट असतो तो वर सरकवला. चकचकीत रॉड दिसला. त्यावर एक साधी प्लास्टिकची केबल टाय, वायरी बांधायला वापरतात ती, घट्ट आवळली. सरकायला जोर लागेल पण सरकेल इतपत घट्ट. मग ती खाली ढकलून शॉकअपच्या बॉडीच्या तोंडाला टेकवली आणि शेपूट कापून टाकलं. म्हणाले, "जा, रोजच्या रस्त्याने एक चक्कर मारून ये, घरच्या लोकांना घेऊन."

होतं असं की चाक वर उचललं गेलं की शॉकअपची बॉडी रॉडवर वर सरकते आणि टायला पण वर ढकलते. बॉडी परत खाली येते, टाय तिथेच राहते. म्हणजे त्या चकरेत सगळ्यात मोठ्या दणक्याला सस्पेन्शन किती दबलं याची खूण रॉडवर राहते, अंदाजाची भानगडच नाही.

टाय लावतानाच त्यांनी पट्टीने माप घेतलं होतं. गाडी चारही चाकांवर उभी, आत कुणी नाही. बॉडीच्या तोंडापासून वरच्या माउंटिंगपर्यंत रॉड दिसत होता ७२ मिमी. वरून खाली लोंबणारा बंप स्टॉप, म्हणजे तो मऊ फोमसारखा तुकडा, ६० मिमी लांब. म्हणजे मोकळी जागा उरली १२ मिमी. बारा! पुढे दोन माणसं बसली की त्यातले पण सात-आठ जातात. म्हणजे मी दोन वर्षं स्प्रिंगवर कमी आणि बंप स्टॉपवरच जास्त चालवत होतो. कंपनीच्या उंचीला हीच जागा ४० मिमी जास्त, म्हणजे ५२ असणार. मॅकफर्सनमध्ये चाक जेवढं वर जातं जवळपास तेवढाच रॉड आत जातो, त्यामुळे हा हिशोब सरळ आहे. डबल विशबोनवाल्या गाड्यांना (चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं), फॉर्च्युनर वगैरे, तसं नसतं, तिथे चाक जास्त हलतं आणि शॉकअप कमी, त्यामुळे तिथे स्वतंत्र मोजावं लागतं.

चक्कर मारून आलो. सोसायटीचे दोन गतिरोधक, एक खोदून नीट न बुजवलेला पट्टा आणि पुलाचा जॉइंट, वेग कुठेच तीसच्या वर नाही. टाय ४५ मिमी वर गेलेली आणि फोममध्ये रुतलेली. ७२ मधून ४५ गेले म्हणजे बॉडी माउंटिंगपासून फक्त २७ मिमीवर आली होती. ६० चा बंप स्टॉप २७ पर्यंत चेपला गेला होता, रोज, ऑफिसला जाता-येता.

मग लीक का होतं? इथे नीट लक्ष द्या

नुसतं बंप स्टॉपवर आपटण्याने सील लगेच फाटत नाही. ट्विन ट्यूब शॉकअपच्या तळाशी एक व्हॉल्व्ह असतो, अती खोल दणक्यात पिस्टन त्याच्यावर जाऊन आदळला तर शॉकअप आतून मरतो, पण त्यात तेल बाहेर येईलच असं नाही. माझ्याकडे तेल बाहेर येत होतं, तेही दर वेळी. त्याचं कारण स्ट्रट खोलल्यावर दिसलं आणि ते बघून मला खरंच खूप वाईट वाटलं.

रॉड पूर्ण पुसून उजेडात धरला. माउंटिंगपासून साधारण ३५ ते ४५ मिमीच्या भागात क्रोमवर दातांच्या खुणा. चार-पाच बारीक आडवे ओरखडे, नख फिरवलं की नख अडकत होतं. दोन्ही रॉडवर, एकाच उंचीला. वरचा नट आवळताना रॉड गोल फिरतो, तो फिरू नये म्हणून बूट वर करून रॉडला वाइस ग्रिप, म्हणजे दातेरी पक्कड, लावलेला! मी जुनी जोडी गॅरेजच्या कोपऱ्यातून शोधून आणली, तिच्यावर पण अशाच खुणा.

आता जोडा दोन्ही गोष्टी. कंपनीच्या उंचीला हे ओरखडे सीलपर्यंत कधी पोचलेच नसते, पोचले तरी वर्षातून एखाद्या भयंकर खड्ड्यात, त्यामुळे ज्यांची गाडी स्टॉक, म्हणजे मूळ उंचीची, आहे त्यांच्याकडे हाच मिस्त्री हेच काम करतो आणि शॉकअप आरामात टिकतो, म्हणून त्याला पण वाटतं की आपली पद्धत बरोबर आहे. लोअर केलेल्या गाडीत मात्र बॉडीचं तोंड माउंटिंगपासून २७ मिमीपर्यंत येतं, म्हणजे ३५-४५ चा खरबडीत भाग दर दणक्याला सीलच्या ओठातून जातो. कानसच ती. सील किती दिवस टिकणार? डावा आधी जायचा कारण आपल्याकडे रस्त्याची डावी कड जास्त खराब असते, खड्डे, चेंबरची झाकणं, सगळं डाव्या चाकाखाली.

म्हणून तुमच्याकडे शॉकअप वारंवार जात असेल तर नवीन जोडी आणायच्या आधी या दोनच गोष्टी बघा. मोकळी जागा किती उरलीय, आणि रॉडवर ओरखडे आहेत का. दोन्ही सापडलं तर कुठल्याही ब्रँडचा शॉकअप टाका, तो पण जाणारच.

स्प्रिंग कडक आहे म्हणून दबणार नाही, हा गैरसमज

मला पण हेच सांगितलं होतं, "स्प्रिंग कडक येते, त्यामुळे ट्रॅव्हल कमी लागतो". थोडं गणित करून बघा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ती किती दबली त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दबायला जागा निम्मी केली तर तोच दणका त्या निम्म्या जागेत झेलायला स्प्रिंग चौपट कडक पाहिजे. बाजारातल्या रस्त्यावरच्या वापराच्या लोअरिंग स्प्रिंग चौपट कडक नसतात, तशी स्प्रिंग टाकली तर गाडीत बसवणार नाही कुणाला. त्या थोड्याफार कडक असतात, बाकीचा दणका बंप स्टॉप आणि शॉकअप मिळून झेलतात. माझी तर जागा निम्मीपेक्षा खूपच कमी झाली होती, ५२ ची १२.

म्हणूनच चांगल्या स्प्रिंगसोबत जो कागद येतो त्यात बंप स्टॉप किती मिमी कापायचा हे दिलेलं असतं. तो कागद माझ्या खोक्यात होता, कुणी उघडून वाचला नाही. बंप स्टॉप कापताना साधारणपणे निमुळतं टोक राखतात आणि रुंद बाजूने कापतात, कारण निमुळतं टोक आधी हळू दबतं आणि मग घट्ट होतं, तेच उडवलं तर दणका एकदम लागतो. पण शेवटी कागदावर तुमच्या स्प्रिंगसाठी जे लिहिलंय तेच करा. आणि काहीही झालं तरी बंप स्टॉप काढून टाकू नका. पहिल्या वेळी माझा जुना फोम हातात भुगा झाला म्हणून मिस्त्रींनी तो फेकला आणि तसंच बसवलं होतं, नवीन टाकलाच नव्हता. त्याने शॉकअप तर मरतोच, शिवाय चाक जास्त वर जाऊन टायर आतल्या लायनरला घासायला लागतो.

स्प्रिंगची कडी ग्राइंडरने कापणं किंवा गॅसने तापवून बसवणं, हे तर कुणी फुकट करून देत असेल तरी करू देऊ नका. तापवलेल्या स्प्रिंगचं टेंपर, म्हणजे पोलादाचा कस, जातं आणि ती पुढे मोडते, कापलेल्या स्प्रिंगचं टोक वाटीत बसत नाही. घरची माणसं बसतात आपल्या गाडीत.

आवाजावरून काय कळतं

गतिरोधकावरून चाक वर जाताना एकदाच जड ठप्प, म्हणजे बंप स्टॉप. उतरताना, चाक लोंबतं तेव्हा टक्क होत असेल तर शॉकअप पूर्ण ताणला जातोय किंवा स्प्रिंग सैल होतेय. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत टक-टक-टक येत असेल तर आधी स्टॅबिलायझरची (गाडी झुलू नये म्हणून असलेल्या दांड्याची) लिंक बघा, गाडी खाली आल्यावर तिचा कोन बदलतो आणि जुनी लिंक असेल तर तिचा बॉल लगेच सैल पडतो, हा स्वस्त पार्ट आहे, उगाच शॉकअपच्या मागे लागू नका. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टुंग करून स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज आला तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग जाम आहे किंवा स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेला टेकलेलं नाही. एकाने स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर नुसता हात ठेवायचा, उडी हाताला लगेच जाणवते. बेअरिंग आणि माउंटिंग शॉकअपसोबतच बदलून टाका, तेच काम परत खोलायचा खर्च जास्त.

आणि नवीन शॉकअप बसवल्या दिवशीच पचपच किंवा पोकळ आवाज आला तर कदाचित पंपिंग केलेलं नाही. दुकानात शॉकअप आडवा पडलेला असतो, गॅस आणि तेल आत मिसळतं, बसवायच्या आधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून पूर्ण ओढायचा असतो. दोन मिनिटांचं काम आहे पण समोर उभं राहून करून घ्या.

कुर्रकुर्र आवाज आणि लोअर आर्मचे (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश लवकर फाटणं, हा एक वेगळाच प्रकार, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण जवळपास कुणीच बरोबर करत नाही. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबलेली, त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट फुल टाइट करतात. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लोंबलेल्या अवस्थेत बोल्ट आवळला की रबराची सरळ स्थिती ती होते, आणि गाडी जमिनीवर आली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी पुढेमागे ढकलून बॉनेट दोन-तीनदा दाबायचं आणि मग पिटमध्ये उतरून, गाडीचं वजन चाकांवर असताना, टॉर्क रेंचने आवळायचे. मागच्या टॉर्शन बीमच्या पुढच्या मोठ्या बुशला पण हेच. ज्यांनी आधीच लिफ्टवर आवळून घेतलेत त्यांनी परत सैल करून आवळून घ्या, पार्ट काही लागत नाही.

मागची बाजू

क्रेटासारख्या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. इथे तपासायची गोष्ट म्हणजे गाडी मागून जॅकवर घ्या, स्टँड लावा, चाकं पूर्ण लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. आखूड स्प्रिंग आणि मूळ लांबीचा शॉकअप असेल तर चाक लोंबल्यावर स्प्रिंग सैल होते. नुसती हलत असेल, रबराच्या वाटीत खुळखुळत असेल तर आवाज येणार, आणि वाटीतून बाहेर पडण्याएवढी सैल असेल तर गाडी चालवू नका, मोठ्या उंचवट्यावर चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडू शकते.

मागचं दुसरं म्हणजे वजन. आम्ही मे महिन्यात ताम्हिणी घाटाने माणगाववरून कोकणात जातो, येताना पाच माणसं, बॅगा आणि आंब्याच्या पेट्या. रिकाम्या गाडीचं माप घेऊन सगळं छान वाटतं, भरलेल्या गाडीचं घ्या. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घ्यायचं, जमिनीपासून नाही, म्हणजे टायरच्या हवेचा फरक त्यात येत नाही. माझं मागचं माप रिकाम्यापेक्षा भरलेलं असताना ४० मिमी कमी यायचं, म्हणजे मागे पण बंप स्टॉपच. ताम्हिणीत उतारावर खड्डा आला की मागच्या सीटवर आईला जो दणका बसायचा तो मला पुढे बसून कळत नव्हता, तिने पण बरेच दिवस सांगितलं नाही.

पोट घासणं

१९० मधून ४० गेले, उरले १५०, भरल्यावर अजून कमी. इंडियन रोड्स काँग्रेस (रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) हिच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. क्रेटाचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) २५९० मिमी, म्हणजे त्या गतिरोधकावर चारही चाकं एकदम चढतात आणि मधल्या भागाची जागा फक्त ५० मिमीच्या आसपास कमी होते, आरामात निघते गाडी. त्रास होतो तो सोसायट्यांमधल्या आणि गावातल्या हातभर रुंदीच्या ढिगाऱ्यांचा. ते दोन चाकांच्या मधे येतात आणि त्यांची पूर्ण उंची पोटाखालून काढावी लागते, दीडशेचा ढिगारा असेल तर १५० वाली गाडी घासणारच, कितीही हळू न्या. तुमच्या रोजच्या रस्त्यावर असा एक जरी असेल तर टेप घेऊन आधी तो मोजा आणि मग स्प्रिंग निवडा.

अलाइनमेंट

गाडी खाली आली की मॅकफर्सनमध्ये निगेटिव्ह कँबर (चाकाचं डोकं आत झुकणं) वाढतो आणि टो (वरून बघितलं तर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) पण हलतो. टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो त्यात टोचा वाटा मोठा, लोक सगळा दोष कँबरला देतात. टो टायरॉडवर नीट होतो, कँबरला क्रेटात कंपनीचं अ‍ॅडजस्टमेंट नाही, फार असेल तर कँबर बोल्ट टाकावे लागतात. माझा टो एवढा बाहेर होता की हात टायरवरून आडवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागायचं. अलाइनमेंट स्प्रिंग टाकल्या दिवशी एकदा आणि स्प्रिंग बसल्यावर, म्हणजे पाचेकशे किलोमीटर झाल्यावर, परत एकदा. हेडलाइटचा झोत पण तपासा, पुढून-मागून सारखी खाली आली नसेल तर समोरच्याच्या डोळ्यावर जातो.

मी शेवटी काय केलं

४० वाल्या स्प्रिंग काढून टाकल्या. २५ मिमी वाल्या घेतल्या आणि सोबत त्यांच्याच जोडीचे शॉकअप, ज्यांची बॉडीच आखूड असते. बॉडी आखूड असली की तेवढा रॉड वर मोकळा मिळतो, गाडी खाली असूनही. मूळ लांबीचा कडक शॉकअप आणि हा आखूड शॉकअप यात फरक हाच, मी तिसऱ्या वेळी जो स्पोर्ट म्हणून घेतला होता तो नुसता कडक होता, लांबीला तोच, म्हणून उपयोग झाला नाही. विकत घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, हा लोअर स्प्रिंगसाठी आखूड बॉडीचा आहे का. उत्तर आलं नाही तर जुन्याशेजारी उभा धरून पट्टी लावा.

बसवताना मी जवळ उभा राहिलो. रॉडच्या वरच्या टोकाला अ‍ॅलन कीची षटकोनी खाच असते, काहींना दोन बाजू चपट्या असतात. अ‍ॅलन कीने रॉड धरायचा आणि वाकड्या रिंग पान्याने नट आवळायचा. इम्पॅक्ट गन नाही, रॉडला पक्कड नाही, हे आधीच सांगितलं. ते मिस्त्रीकाका म्हणाले "क्रोमला हात लावायचा तो पण फडक्याने". स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा फिरवून घेतला, हे काम घरी करू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो.

कायद्याचं पण माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलेलं आहे. क्लेमच्या वेळी विमा कंपनी हा मुद्दा काढू शकते. मी विचार करूनच केलंय, मूळ स्प्रिंगचा सेट तेल लावून माळ्यावर ठेवलाय, तुम्ही पण ठेवा, भंगारात देऊ नका.

नवीन सेटला आता अकरा महिने आणि १४ हजार किलोमीटर झाले. दोन्ही रॉड कोरडे. पहिल्या दिवशी मोकळी जागा ३८ मिमी भरली, ५०० किलोमीटरनंतर ३५, तेव्हापासून हललेली नाही. टाय अजून रॉडवर आहे. परवा कोकणातून भरलेल्या गाडीने आल्यावर बूट वर करून बघितलं, फोमला टेकून जेमतेम सात-आठ मिमी आत गेलेली होती, परत खाली ढकलून ठेवली. यावेळी आईला मुद्दाम विचारलं, ती म्हणाली घाटात झोप लागली होती.